विश्लेषण : माणूस गेल्यानंतरची पहिली सुट्टी आणि सोबतीला कादंबरी... दुःखात अशी पुस्तके आधार का देतात?

मे महिन्याची सुट्टी लागली की देवनार, गोवंडी, चेंबूर परिसरातून गावी जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. कुणी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कोकणची गाडी पकडते, तर कुणी चेंबूरच्या मैत्री पार्कला बॅगा घेऊन बसची वाट पाहत उभे असते. पण दरवर्षी काही घरांतून एक माणूस कमी निघतो. गेल्या उन्हाळ्यात खिडकीची जागा धरणारे वडील, डब्यात दशम्या बांधणारी आजी किंवा सगळ्यांची तिकिटे सांभाळणारा नवरा यंदा नसतो. अशी पहिली सुट्टी कशी काढायची, हे कुणी शिकवत नाही.

जगभरात कादंबरीचा एक प्रकार नेमका याच प्रश्नाभोवती वाढला आहे. जवळचे माणूस गेलेले असते, नायक किंवा नायिका काही आठवड्यांसाठी घर सोडून कुठे तरी जाते आणि परत येताना स्वतःविषयी काही तरी नवे समजलेले असते. अशा पुस्तकांना दिलासा देणारी पुस्तके किंवा ‘कम्फर्ट रीड’ म्हटले जाते. या पुस्तकांत असे काय असते? मराठीत अशी पुस्तके आहेत का? आणि पुस्तकाने भागत नाही हे कसे ओळखायचे? समजून घेऊ.

या कादंबऱ्यांची गोष्ट साधारण काय असते?

अलीकडचे गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकी लेखिका एमिली हेन्री यांची २०२० मधली ‘बीच रीड’. नायिका जॅन्युअरी स्वतः प्रेमकथा लिहिणारी लेखिका आहे. वडील जातात आणि त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी तिला कळते की त्यांचे आणखी एका स्त्रीशी संबंध होते. मिशिगन सरोवराकाठचे त्यांचे घर तिच्या वाट्याला येते. ते विकण्याच्या तयारीने ती उन्हाळाभर तिथे राहायला जाते. वरवर पाहता ही सुट्टीतली हलकीफुलकी प्रेमकथा आहे. आत मात्र प्रश्न वेगळा आहे. आपण ज्या माणसासाठी रडतो आहोत तो आपल्याला खरोखर माहीत होता का?

जपानी लेखिका हिरो अरिकावा यांच्या ‘द ट्रॅव्हलिंग कॅट क्रॉनिकल्स’ या इंग्रजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या कादंबरीत सातोरू नावाचा तरुण आपल्या नाना या मांजराला गाडीत घेऊन जपानभर फिरतो. मांजराला नवे घर शोधायचे, एवढेच निमित्त. तो हे का करतो आहे, ते वाचकाला हळूहळू उमगते. गोष्टीचा मोठा भाग ते मांजरच सांगते, त्यामुळे रडू येता येता हसू येते.

हिंदीत गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ आहे. तिच्या ‘टूम ऑफ सँड’ या इंग्रजी अनुवादाला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलेली ऐंशी वर्षांची आई उठते, घराबाहेर पडते आणि शेवटी सीमा ओलांडून पाकिस्तानात पोहोचते. ही काही दिलासा देण्यासाठी लिहिलेली सोपी कादंबरी नाही. पण दुःख, प्रवास आणि स्वतःचा शोध ही तीन सूत्रे इथेही तीच आहेत.

मराठीत असे काय आहे?

इंग्रजी कादंबरीतला माणूस दुःख घेऊन समुद्रकाठच्या घरी जातो. मराठी माणूस आजोळी जातो किंवा कोकणात जातो. त्यामुळे मराठीतल्या अशा गोष्टी शोधायच्या तर त्या याच दोन वाटांवर सापडतात.

पहिली वाट लंपनची. प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’ १९९४ मध्ये आले. त्यानंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. चारही कथासंग्रह आहेत, पण नायक एकच असल्याने सलग वाचताना कादंबरी वाचल्यासारखेच वाटते. लंपन हा आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहायला आलेला मुलगा. गाव कर्नाटकाच्या सीमेवरचे, भाषेला कानडी हेल आणि तोंडात सतत ‘मॅड’ हा शब्द. आपल्याला इकडे का पाठवले, हे त्याला नीट कळत नाही. आजीचा स्वयंपाक, आजोबांचा मुका लळा, सुमी नावाची मैत्रीण, झाडे, रस्ते, गाणे या सगळ्यात तो रमतो. मध्येच आईची आठवण येऊन पोटात कालवते. पुन्हा तो रमतो. याच मालिकेत पुढे लंपनच्या वडिलांचा मृत्यू येतो.

या गोष्टींमागे एक खरे घर आहे. प्रकाश नारायण संत म्हणजे कवयित्री इंदिरा संत आणि लेखक ना. मा. संत यांचे चिरंजीव. जन्म १९३७ चा. ते आजोळी दत्तक गेले, म्हणून त्यांचे कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. वडील ना. मा. संत १९४६ मध्ये गेले, तेव्हा हा मुलगा जेमतेम नऊ वर्षांचा होता. इंदिराबाई बेळगावात शिक्षिकेची नोकरी करत राहिल्या आणि लिहीत राहिल्या. ज्या दांपत्याने १९४० मध्ये ‘सहवास’ हा कवितासंग्रह दोघांच्या नावावर काढला होता, त्यातल्या एकीला पुढची पाच दशके एकटीने लिहावे लागले. ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ या तिच्या संग्रहांत विरहाचा सूर सतत ऐकू येतो.

म्हणजे एकाच घरातला एकच मृत्यू. आईने तो कवितेत आणला आणि मुलाने गोष्टींत. ‘वनवास’ पुस्तकरूपाने आले तेव्हा मुलगा पन्नाशी ओलांडून गेला होता आणि पेशाने भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक होता. दुःख किती वर्षांनी शब्दांत येईल याचे वेळापत्रक नसते, हे या एका घराकडे पाहून कळते. निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘लंपन’ ही वेबमालिका २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली. त्याच वर्षी गोव्यातल्या इफ्फी महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. पुस्तक हातात न घेतलेल्या पिढीलाही त्यामुळे हा मुलगा भेटला.

दुसरी वाट कोकणची. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ ही कादंबरी नव्हे, चित्रपट आहे. पण या विषयावर मराठीत त्याच्याइतके नेमके काही क्वचितच सापडेल. वडील गेल्यानंतर अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे पुणे सोडून कोकणातल्या एका गावात येतो. तो फारसा रडत नाही. तो गप्प होतो, चिडतो, आईवर रुसतो. नवे मित्र त्याला किल्ल्यावर एकटे सोडून जातात, तेव्हा बापाविना उरलेल्या मुलाची भीती एका शब्दाशिवाय समोर येते. आईलाही नव्या कार्यालयात एकटीनेच उभे राहायचे असते. बर्लिन महोत्सवात २०१४ मध्ये बालपरीक्षकांनी या चित्रपटाला क्रिस्टल बेअर दिले आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

या सगळ्यांच्या आधी ‘श्यामची आई’ आहेच. साने गुरुजींच्या आईचे निधन १९१७ मध्ये झाले. पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण ते संस्कारांचे पुस्तक म्हणून वाचतो. पण अखेरच्या क्षणी आईजवळ नसलेल्या मुलाने अनेक वर्षांनी, रोज रात्री थोडे थोडे, मित्रांना सांगितलेली ती आठवण आहे. त्या अर्थाने मराठीतले ते शोकाचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक म्हणता येईल.

वाचल्याने खरेच बरे वाटते का?

पुस्तकाचा औषधासारखा वापर करण्याच्या कल्पनेला ‘बिब्लिओथेरपी’ म्हणतात. हा शब्द १९१६ मध्ये सॅम्युअल क्रॉदर्स या अमेरिकी लेखकाने ‘द अटलांटिक मंथली’तल्या एका लेखात वापरला. गंमत म्हणजे त्या लेखाचा सूर थट्टेचा होता. थट्टेतली ती कल्पना पुढे गंभीरपणे घेतली गेली. इंग्लंडमध्ये २०१३ पासून ‘रीडिंग वेल’ नावाचा उपक्रम सुरू आहे. मानसिक आरोग्याशी संबंधित निवडक पुस्तके डॉक्टर किंवा समुपदेशक सुचवतात आणि ती सार्वजनिक वाचनालयात मिळतात.

कादंबरी नेमके काय करते, हे समजण्यासाठी आधी शोकाविषयीचा एक गैरसमज बाजूला करावा लागेल.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, हे खरे नाही का?

नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार. व्हॉट्सअॅपवर फिरणारी ही यादी मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातून आली. पण ती मुळात माणूस गमावलेल्यांवरून नव्हे, तर स्वतः मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेली होती. पुढे ती सगळ्याच दुःखांना चिकटवली गेली. परिणाम असा की अनेकांना आपण ‘चुकीच्या पायरीवर’ अडकलो आहोत असे वाटू लागते.

आज अधिक मानली जाणारी मांडणी मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये केली. त्यांच्या मते शोक करणारा माणूस जिना चढत नाही, तो झोक्यासारखा दोन टोकांमध्ये ये-जा करतो. एका टोकाला गेलेल्या माणसाची आठवण, रडणे, फोटो पाहणे. दुसऱ्या टोकाला रोजची कामे, बँकेचे कागद, मुलांची शाळा, नवी ओळख. सकाळी हसलेला माणूस संध्याकाळी कोसळतो, यात विसंगती काहीच नाही. ही ये-जाच सावरण्याची पद्धत आहे. सतत एकाच टोकाला राहणे मात्र त्रासाचे ठरते.

याला जोडून आणखी एक मांडणी १९९६ मध्ये पुढे आली. गेलेल्या माणसाला ‘सोडून देणे’ म्हणजे सावरणे, असे नसते. अनेक जण त्या माणसाशी वेगळ्या रूपात नाते चालू ठेवतात. वडिलांच्या पद्धतीने चहा करणे, आईचा शब्द तोंडात येणे, निर्णय घेताना ‘ते काय म्हणाले असते’ असा विचार करणे हे त्याचेच प्रकार.

मग कादंबरी नेमकी कुठे उपयोगी पडते?

लंपन आठवून पाहा. एका परिच्छेदात आईची आठवण आणि पुढच्या परिच्छेदात मित्रांची धमाल. ‘किल्ला’मध्ये एका प्रसंगात गप्प बसलेला मुलगा आणि पुढच्या प्रसंगात समुद्र. म्हणजे चांगली शोककथा त्याच झोक्याच्या चालीने चालते. वाचणाऱ्याला नकळत परवानगी मिळते. रडायचीही आणि मध्येच रडू थांबवून जेवायचीही.

दुसरे म्हणजे शब्द. दुःखात पडलेल्या माणसाला ‘कसे वाटते’ असे विचारले, तर बहुतेक वेळा ‘ठीक’ एवढेच उत्तर येते. दुसऱ्याच्या गोष्टीत आपली भावना सापडली की ‘हे असे वाटते मला’ म्हणून बोट ठेवता येते.

तिसरे म्हणजे सल्ला नसणे. भेटायला येणारे नातेवाईक ‘आता खंबीर व्हायला हवे’ असे सांगून जातात. पात्रे वाचकाला काहीच सांगत नाहीत. ती त्यांच्या भानगडीत असतात. पुस्तक कधीही मिटता येते आणि त्याला वाईट वाटत नाही.

चौथे म्हणजे शेवटाची हमी. या प्रकारच्या कादंबरीत शेवटी फार वाईट काही होणार नाही, हे वाचकाला आधीच माहीत असते. ज्याच्या आयुष्यात नुकतेच अनपेक्षित वाईट घडले आहे, त्याला ही हमी मोलाची वाटते.

आणि प्रवासच का?

घर आठवणींनी भरलेले असते. खुर्ची, चष्म्याची डबी, दाराची विशिष्ट वेळी वाजणारी घंटा. प्रत्येक वस्तू हाक मारते. नव्या जागी या हाका थोड्या कमी होतात आणि मनाला श्वास घ्यायला जागा मिळते. शिवाय नव्या गावात आपण ‘अमक्याची विधवा’ किंवा ‘बाप गेलेला मुलगा’ नसतो. तिथे आपल्याला कुणीच ओळखत नाही. स्वतःचा शोध असे ज्याला कादंबऱ्यांच्या मलपृष्ठावर म्हटले जाते, त्याची सुरुवात बऱ्याचदा इतकी साधी असते.

मात्र गावी जाणे आणि अनोळखी जागी जाणे यात फरक आहे. गावच्या घरात गेलेल्या माणसाच्या आठवणी मुंबईपेक्षाही दाट असू शकतात. पहिल्या वर्षी गावी जावे की दुसरीकडे, याचे एकच बरोबर उत्तर नाही. कुटुंबाने आधी बोलून ठरवावे. मुलांनाही विचारावे, कारण ‘त्यांना काय कळते’ हा समज ‘किल्ला’ पाहिलेल्या कुणालाही पटणार नाही.

पूर्वी हे काम कोण करत होते?

दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध. श्रद्धा असो वा नसो, या विधींनी दुःखाला तारखा दिल्या होत्या. दुखवटा घेऊन नातेवाईक येत, त्या घरी सांत्वनाला बसत. वर्षभर त्या घरी सण साजरा होत नसे, म्हणजे ‘अजून सावरलो नाही’ असे म्हणायला वर्षभराची सामाजिक मुभा होती. यातल्या काही रूढींनी, विशेषतः विधवांवर, अन्यायही केला. ते विसरता येत नाही.

आज शहरातल्या नोकरीत अनेकांना मोजक्या दिवसांच्या रजेनंतर कामावर हजर व्हावे लागते. लोकलमध्ये, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर आयुष्य पूर्ववत सुरू झालेले असते. शोकाला जागा उरत नाही. मग ती जागा कानात घातलेल्या ऑडिओबुकमध्ये किंवा हार्बर लाइनवर मोबाइलवर वाचलेल्या चार पानांत शोधली जाते.

या पुस्तकांवर टीका का होते?

टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा की दुःख तीनशे पानांत मिटते, समुद्रकिनारी प्रेम मिळते, पैशांची अडचण कुणालाच नसते. आक्षेप चुकीचा नाही. उन्हाळाभर सुट्टी घेऊन सरोवराकाठी राहणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. नवरा गेल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात घरभाड्याची चिंता करणाऱ्या बाईला ‘स्वतःला शोध’ हा सल्ला क्रूर वाटू शकतो.

म्हणूनच चांगल्या आणि सुमार पुस्तकांतला फरक ओळखावा लागतो. सुमार पुस्तकात शेवटी दुःख नाहीसे होते. चांगल्या पुस्तकात दुःख तिथेच असते, माणूस मात्र त्याच्यासोबत चालायला शिकतो. लंपनचा वनवास कुठल्याही प्रकरणात ‘संपत’ नाही. तो मोठा होतो, एवढेच.

पुस्तकाने भागत नाही, हे कसे ओळखायचे?

हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. शोक हा आजार नाही. पण काही जणांत तो लांबतो आणि जगणे ठप्प करतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०२२ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत ‘प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर’ म्हणजे लांबलेल्या शोकाच्या विकाराचा समावेश केला. त्यात प्रौढांसाठी किमान १२ महिने आणि मुलांसाठी किमान ६ महिने ही मुदत धरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये ही मुदत किमान ६ महिने आहे.

मुदतीपेक्षा लक्षणे महत्त्वाची. जवळपास रोज तीव्र ओढ किंवा त्याच माणसाचे विचार, आपलाच एक भाग गेला असे वाटणे, मृत्यू झाला यावर विश्वास न बसणे, भावना बधिर होणे, आयुष्य निरर्थक वाटणे, कामात आणि माणसांत परतणे अशक्य होणे. मुलांमध्ये हे अचानक चिडचिड, अभ्यास सुटणे, पोटदुखी किंवा एकटे झोपायला घाबरणे अशा रूपात दिसू शकते. आत्महत्येचे विचार येत असतील तर कुठल्याही मुदतीची वाट पाहू नये, लगेच मदत घ्यावी.

मदत कुठे मिळेल?

देवनारचे नाव बातम्यांत बहुधा कचराभूमीमुळे किंवा पशुवधगृहामुळे येते. पण याच देवनारमध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणजे ‘टिस’ आहे. संस्था १९३६ मध्ये सुरू झाली आणि १९५४ पासून तिचा परिसर देवनारला आहे. २०१२ मध्ये याच संस्थेने ‘आयकॉल’ ही फोनवरून समुपदेशन करणारी सेवा सुरू केली. क्रमांक ९१५२९८७८२१. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा निःशुल्क क्रमांक असून ती चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते.

दुःखातल्या माणसाला पुस्तक द्यायचे असेल तर?

• पहिल्या काही आठवड्यांत घाई करू नका. त्या काळात एकाग्रता टिकत नाही, एकच ओळ तीनदा वाचावी लागते. तेव्हा पुस्तकापेक्षा जेवणाचा डबा उपयोगी पडतो.

• छोट्या प्रकरणांचे किंवा कथांचे पुस्तक निवडा. लंपनची एक गोष्ट एका बैठकीत संपते.

• कोण मरते, कसे मरते, हे देण्याआधी स्वतः तपासा. कर्करोगाने आई गेलेल्या मुलीला त्याच आजाराची कादंबरी नको असू शकते.

• ‘हे वाच, बरे वाटेल’ असे म्हणू नका. ‘मला आवडले होते, हवे तेव्हा वाच, नाही वाचलेस तरी चालेल’ एवढे पुरे.

• वाचणे जड जात असेल तर ऑडिओबुक चालते. मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे. वाचता वाचता थांबून मूल काही बोलले, तर पुस्तक बाजूला ठेवून ऐकावे.

• प्रवास करायचाच असेल आणि खर्च बेताचा ठेवायचा असेल, तर पाचगणी-महाबळेश्वरजवळचे भिलार हा एक पर्याय आहे. राज्य सरकारने ४ मे २०१७ पासून या स्ट्रॉबेरीच्या गावाला ‘पुस्तकांचं गाव’ केले. गावातल्या घरांमध्ये पुस्तके ठेवलेली आहेत आणि ती बसून वाचता येतात. तिथे कुणी ‘कसे आहात’ विचारत नाही, ‘काय वाचताय’ विचारते.

सुट्टी संपते, गाडी पुन्हा कुर्ल्याला लागते, घराचे कुलूप उघडले की रिकामी खुर्ची तिथेच असते. कादंबरी ती भरून काढत नाही. पण त्या खुर्चीकडे पाहत एक कप चहा पिण्याइतके बळ तिने दिले, तर वाचलेली पाने वाया गेली नाहीत. आणि तेवढेही बळ येत नसेल, तर एक फोन करायला हरकत नाही.